काका बॅप्टिस्टा

हिंदुस्थानचा अर्वाचीन इतिहास शिकविताना आम्हांस एक अनुभव वारंवार येतो. होमरूलच्या चळवळीचे प्रकरण वाचताना टिळक, केळकर, खापर्डे ही नावे विद्यार्थी सहज वाचून पुढे जातात; परंतु त्याच ओळीत जोसेफ बॅप्टिस्टा हे नाव आले की वाचणारा थबकतो, आणि हे गृहस्थ कोणत्या देशाचे, असा प्रश्न वर्गातून उठतो. कोणी त्यांस इंग्रज ठरवितो, कोणी पोर्तुगीज, तर कोणी गोवेकर. हे तिन्ही तर्क चुकीचे आहेत. बॅप्टिस्टा हे मुंबईचे भूमिपुत्र, ठाणे जिल्ह्यातील समुद्रकाठच्या घराण्यात जन्मलेले व मराठी मुलखाशी सर्वस्वी एकरूप झालेले पुढारी होते. ज्यांची नावे ऐकून लोक असाच प्रश्न विचारतात, असे विद्यार्थी आमच्याही शाळेत पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी व त्यांच्या आईबापांसाठी हे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

बॅप्टिस्टांचे नाव असे का, हे समजण्यास त्यांच्या समाजाचा इतिहास ठाऊक असावा लागतो. इ. स. १५३४ मध्ये गुजराथचा सुलतान बहादूरशहा याने वसई व तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगीजांस दिला. त्यांच्यामागोमाग त्यांचे पाद्री आले, आणि वसई, साष्टी व मुंबई या भागांतील कोळी, शेतकरी, कारागीर अशा नाना जातींच्या लोकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांस पोर्तुगीज नावे व आडनावे मिळाली. पुढे पोर्तुगीजांची सत्ता ओसरली. १६६१ च्या विवाहाच्या तहाने मुंबई इंग्रजांस देण्याचे ठरले व १६६५ मध्ये ती प्रत्यक्ष त्यांच्या हाती आली. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला. राज्य गेले, पण नावे मागे राहिली. घरात भाषा मराठीच राहिली, बायकांच्या अंगावर लुगडे राहिले, आणि लग्नात उंबराच्या पाण्याचा विधीही चालू राहिला. देवळात प्रार्थना लॅटिन भाषेत आणि अंगणात गाणी मराठीत, असे या लोकांचे जीवन होते.

एकोणिसाव्या शतकात मुंबईचा व्यापार वाढला, तेव्हा गोव्याहून व मंगळुराहून पुष्कळ ख्रिस्ती लोक नोकरीसाठी तेथे आले. त्यांचीही नावे पोर्तुगीज वळणाचीच. त्यामुळे सरकारी दप्तरात व लोकांच्या बोलण्यात सर्वांस सरसकट पोर्तुगीज म्हणण्याचा प्रघात पडला. मूळ रहिवाशांस हे जाचू लागले. आपल्याच गावी आपण परदेशी ठरावे, याचे त्यांस दुःख झाले; आणि कंपनी सरकारच्या काळापासून आपण इंग्रजांची चाकरी करीत आलो, तेव्हा आपला हक्क वेगळा मानला जावा, असेही त्यांस वाटले. म्हणून २६ मे १८८७ रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणास ५० वर्षे झाली त्या प्रसंगी, त्यांनी आपली एक सभा स्थापन केली व आपल्या समाजास ईस्ट इंडियन हे नाव घेतले. एक परके नाव टाकण्यासाठी त्यांनी दुसरे परके नाव जवळ केले, असे कोणी म्हणेल. आम्ही त्यांस हसत नाही. लहान समाजाला आपली ओळख राखण्यासाठी काय काय करावे लागते, हे ज्याला सोसावे लागले आहे त्यालाच कळते.

अशा समाजात १७ मार्च १८६४ रोजी मुंबईच्या माझगाव भागातील माथारपाखाडी येथे जोसेफ यांचा जन्म झाला. त्यांचे वडील जॉन बॅप्टिस्टा हे मूळचे भाईंदरजवळील उत्तन या समुद्रकाठच्या गावचे. शुभवर्तमान वाचणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांच्या हे सहज ध्यानात येईल की, जॉन बॅप्टिस्टा म्हणजे बाप्तिस्मा करणारा योहान. त्या संताच्या नावानेच हे आडनाव झाले आहे. माथारपाखाडी हे त्या वेळी व आजही कौलारू घरांचे, लाकडी सज्ज्यांचे व क्रुसाभोवती वसलेले एक लहानसे खेडेच होय. केवळ मुंबई शहर त्याच्याभोवती वाढत गेले. टेकडीखाली गोद्या, जवळच गिरण्या, आणि रात्रंदिवस चालणारी मजुरांची ये-जा, हे दृश्य जोसेफ यांनी लहानपणापासून पाहिले. पुढे मजुरांविषयी जो कळवळा त्यांच्या ठायी दिसून आला, त्याचे बीज येथेच पडले असावे असे आम्हांस वाटते.

त्यांचे प्राथमिक शिक्षण माझगावच्या सेंट मेरी शाळेत झाले. नंतर ते पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेले व तेथील शिक्षण त्यांनी पुरे केले. त्या काळी एवढ्या विद्येवर सरकारी नोकरी मिळे, बंगला मिळे व निवृत्तीनंतर वेतनही मिळे. लहान समाजातील हुशार मुलाला याहून अधिक काय हवे, असे त्या वेळचे पुष्कळ आईबाप म्हणत, आजही म्हणतात. परंतु जोसेफ यांचे मन तेवढ्यावर स्थिर झाले नाही. ते विलायतेस गेले, केंब्रिज येथे राज्यशास्त्राचा अभ्यास करून त्यांनी पदवी घेतली, आणि पुढे ते बॅरिस्टर झाले.

त्या काळी विलायतेत आयर्लंडच्या होमरूलचा वाद जोरात चालू होता. आयरिश लोक बहुतांशी रोमन कॅथलिक. त्यांच्यावर राज्य करणारे इंग्रजही ख्रिस्तीच. तथापि धर्म एक असूनही आयरिश लोक आपला कारभार आपल्या हाती मागत होते, व आपल्या धर्मास त्यामुळे बाध येतो असे त्यांस वाटत नव्हते. या उदाहरणाचा तरुण बॅप्टिस्टांच्या मनावर खोल ठसा उमटला. ख्रिस्ती मनुष्याने राज्यकर्त्यांच्या धर्मबंधुत्वावर विसंबून राहावे की आपल्या देशबंधूंच्या न्याय्य मागणीत सामील व्हावे, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी तेथे शोधिले, आणि ते आयुष्यभर सोडले नाही.

स्वदेशी परत आल्यावर त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. १९०१ मध्ये ते मुंबई म्युनिसिपालिटीत शिरले व पुढे १७ वर्षे त्यांनी तेथे काम केले. लोकमान्य टिळकांशी त्यांचा स्नेह याच सुमारास दृढ झाला. वरवर पाहता या दोघांत साम्य थोडे. एक पुण्याचे चित्पावन ब्राह्मण, गीतेचे भाष्यकार. दुसरे माझगावचे रोमन कॅथलिक, विलायती पोशाखाचे बॅरिस्टर. परंतु कायद्याची सूक्ष्म जाण, निर्भय स्वभाव व सामान्य माणसावरील विश्वास या तीन गोष्टी दोघांतही होत्या, आणि त्यांनीच हा स्नेह शेवटपर्यंत टिकविला. १९०८ च्या जुलै महिन्यात टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा टिळकांनी आपला बचाव आपणच केला; त्या कामी त्यांस कायद्याचे साहाय्य देणाऱ्यांत बॅप्टिस्टा होते. टिळकांस ६ वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेस गेले. अशा माणसाशी मैत्री उघडपणे सांगणे त्या दिवसांत धोक्याचे होते. बॅप्टिस्टांनी ती कधी लपविली नाही.

आता आम्ही अशा प्रसंगाकडे वळतो की ज्याचा आमच्या नाशिक शहराशी निकट संबंध आहे. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री येथील विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांचा गोळी घालून खून झाला. जॅक्सन हे संस्कृताचे जाणकार व विद्याप्रेमी गृहस्थ होते. खून करणारा अनंत कान्हेरे हा कोवळ्या वयाचा विद्यार्थी होता. त्यास व त्याच्या दोघा सोबत्यांस १९ एप्रिल १९१० रोजी ठाणे येथे फाशी देण्यात आले. पुढे कटाचा मोठा खटला उभा राहिला, त्यात ३८ आरोपी होते, आणि विनायक दामोदर सावरकर यांस विलायतेत पकडून येथे आणण्यात आले. सर्व शहर भयाने दबून गेले होते. कोणाचे नाव कोणाच्या तोंडून निघेल याचा नेम नव्हता. मित्र मित्राला ओळख दाखविण्यास कचरत होता.

हा खटला मुंबईस तीन न्यायाधीशांच्या खास न्यायासनापुढे चालला. त्यात पंच नव्हते, व निकालावर अपीलही नव्हते. अशा खटल्यात आरोपींच्या बाजूने जे वकील उभे राहिले, त्यांत जोसेफ बॅप्टिस्टा हे प्रमुख होते. सावरकरांनी मार्सेल्स बंदरात आगबोटीतून उडी टाकली होती, व फ्रान्सच्या भूमीवर त्यांस पुन्हा पकडण्यात आले होते. ही अटकच बेकायदेशीर असल्याने या न्यायासनास त्यांचा न्याय करण्याचा अधिकार पोचतो काय, हा प्रश्न बचावाच्या बाजूने उपस्थित करण्यात आला. न्यायालयाने तो मानला नाही. २३ डिसेंबर १९१० रोजी सावरकरांस जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि पुढील महिन्यात दुसऱ्या खटल्यात तशीच दुसरी.

येथे विद्यार्थ्यांनी एक भेद नीट समजून घ्यावा. आरोपीचा बचाव करणे म्हणजे त्याच्यावर ज्या कृत्याचा आरोप आहे त्याची भलामण करणे नव्हे. बॅप्टिस्टा हे सनदशीर मार्गाचे कट्टे अभिमानी होते. त्यांच्या सर्व आयुष्यात शस्त्राचा मार्ग त्यांनी कधी धरला नाही. परंतु आरोपी कितीही अप्रिय असला तरी त्याची बाजू कोणीतरी निर्भयपणे मांडलीच पाहिजे, नाही तर न्यायालय हे न्यायाचे स्थान राहत नाही, या तत्त्वावर ते उभे राहिले. त्यांच्या समाजातील पुष्कळ कुटुंबे सरकारी व रेल्वेच्या नोकरीवर जगत होती, आणि त्या समाजाने स्वतःची सभाच मुळी राणीच्या उत्सवाच्या मुहूर्तावर काढली होती. अशा समाजातील मनुष्याने एका इंग्रज कलेक्टरच्या खुनाशी निगडित खटल्यात आरोपींच्या शेजारी उभे राहणे किती कठीण, याचा विचार आमच्या वाचकांनीच करावा. आरोपी बहुतेक ब्राह्मण घरांतील तरुण, आणि त्यांच्यासाठी भांडणारा वकील ख्रिस्ती, ही गोष्ट नाशिककरांनी कधी विसरू नये.

१९१४ मध्ये टिळक सुटून आले. दोन वर्षांनी, एप्रिल १९१६ मध्ये, बेळगाव येथे त्यांच्या पक्षाने होमरूल लीग स्थापन केली. तिचे अध्यक्षपद कोणाकडे जावे? टिळकांचे नाव सर्वांच्या मुखी असणे स्वाभाविक होते; परंतु अध्यक्ष झाले ते जोसेफ बॅप्टिस्टा, व चिटणीस नरसिंह चिंतामण केळकर. टिळकांच्या सुप्रसिद्ध घोषणेत स्वराज्यास जन्मसिद्ध हक्क म्हटले आहे. ती शब्दयोजना प्रथम बॅप्टिस्टांनीच सुचविली, असे त्यांचे चाहते सांगतात. ते कसेही असो, आयर्लंडच्या चळवळीचे नाव व पद्धत हिंदुस्थानात रुजविण्याच्या कामी त्यांचा वाटा मोठा होता यात शंका नाही. वर्षभरात या लीगचे सुमारे १४,००० सभासद झाले. १९१७ च्या मे महिन्यात तिचा पहिला वाढदिवस नाशिक येथेच साजरा झाला, व त्या प्रसंगी लोकमान्यांनी येथे केलेले भाषण प्रसिद्ध आहे.

त्याच वर्षी बॅप्टिस्टा लीगच्या वतीने विलायतेस गेले. तेथील राज्यकर्त्यांची दारे ठोठावण्यापेक्षा तेथील मजुरांच्या पुढाऱ्यांशी बोलावे, असे त्यांनी ठरविले. ज्याला स्वतः कष्टाने भाकरी मिळवावी लागते, त्याला दुसऱ्याच्या पारतंत्र्याचे दुःख लवकर कळेल, हा त्यांचा हिशेब होता. आणि तो खरा ठरला. १९१८ च्या जानेवारीत नॉटिंगहॅम येथे मजूर पक्षाची परिषद भरली, तीत हिंदुस्थानास होमरूल मिळावे असा ठराव संमत झाला. परक्या देशात, परक्या लोकांसमोर, एक माझगावकर ख्रिस्ती मनुष्य सर्व हिंदुस्थानच्या वतीने बोलत होता. त्या सभेत तो कोणत्या समाजाचा, हे विचारण्याचे कोणास कारण पडले नाही.

विलायतेहून परतल्यावर त्यांचे लक्ष येथील मजुरांकडे अधिकच वळले. टपालखात्यातील शिपाई, गिरण्यांतील कामकरी अशा लोकांच्या तंट्यांत ते त्यांचे सल्लागार झाले. मजुरांनी संपाची घाई करू नये, प्रथम आपला संघ बांधावा, मागण्या लिहून द्याव्या, आणि मगच निर्वाणीच्या उपायाकडे वळावे, अशी त्यांची शिकवण होती. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईच्या एंपायर थिएटरात अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली भरले. त्याचे स्वागताध्यक्ष बॅप्टिस्टा होते. पुढील वर्षी कोळशाच्या खाणींच्या मुलखात, झरिया येथे, दुसरे अधिवेशन झाले, त्याचे अध्यक्षस्थान त्यांनाच मिळाले. १९२४ मध्ये जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेस हिंदी मजुरांचे प्रतिनिधी म्हणून ते गेले. मजूरवर्गाने व मित्रमंडळींनी त्यांस काका म्हणण्यास आरंभ केला, तो याच जिव्हाळ्यामुळे. महाराष्ट्रात काका ही पदवी कोणी कोणास ठराव करून देत नाही. घरातील वडील माणसाप्रमाणे जो अडीअडचणीस धावतो, त्याला लोक आपण होऊन ती देतात.

त्यांच्या आयुष्यात निराशेचे प्रसंगही आले, ते गाळून चरित्र सांगणे आम्हांस योग्य वाटत नाही. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य वारले. त्यानंतर देशाचे नेतृत्व महात्मा गांधींकडे गेले व असहकारितेचा काळ सुरू झाला. कौन्सिले व न्यायालये यांवर बहिष्कार घालण्याचा मार्ग बॅप्टिस्टांस पटला नाही. जे मिळाले ते घ्यावे व त्याच्या बळावर अधिक मागावे, हे टिळकांचे धोरणच त्यांस शहाणपणाचे वाटे. देशात नव्या चळवळीची लाट उसळली असता त्यांनी आपले मत बदलले नाही, व त्यामुळे ते मुख्य प्रवाहापासून थोडे बाजूस पडले. त्यांचे मत बरोबर की चूक, याविषयी आजही जाणत्यांत एकमत नाही. परंतु ज्याने एके काळी सरकारच्या रोषाची पर्वा केली नाही, त्याने पुढे लोकप्रियतेचीही पर्वा केली नाही. दोन्ही ठिकाणी लागणारे धैर्य एकच होय. कित्येकदा दुसरे पहिल्यापेक्षा अवघड असते.

१९२५ मध्ये मुंबई म्युनिसिपालिटीने त्यांस आपले अध्यक्ष निवडले. या पदास महापौर हे नाव पुढे १९३१ मध्ये मिळाले. त्यांच्या आधी १९०६ मध्ये याच पदावर डॉ. अकासिओ व्हिएगस बसले होते. ते गोव्यातील हडफडे गावचे. मुंबईत १८९६ मध्ये आलेली साथ ग्रंथिज्वराची, म्हणजे प्लेगाची आहे, हे ओळखून निर्भयपणे सांगणारे तेच वैद्य. एक गोवेकर, एक माझगावकर. दोघांची नावे पोर्तुगीज वळणाची, आणि दोघांच्याही मागे लहानसा समाज. परंतु शहराने त्यांस आपल्या डोक्यावर घेतले ते साऱ्या शहराचे दुःख त्यांनी आपले मानले म्हणून.

१८ सप्टेंबर १९३० रोजी काका बॅप्टिस्टा यांचे देहावसान झाले. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांस मूठमाती देण्यात आली. माझगावच्या भंडारवाडा टेकडीवर एक बाग आहे. खाली गोद्या व बंदर दिसते, आणि त्यांचे जन्मस्थान असलेली माथारपाखाडीही दूर नाही. त्या बागेस काकांचे नाव देण्यात आले आहे. फिरावयास जाणाऱ्यांपैकी किती जणांस ते कोणाचे नाव हे ठाऊक असते, हा प्रश्न निराळा.

या चरित्रातून आम्हांस जे दिसते ते सांगून हा लेख पुरा करतो. लहान समाजाच्या पुढाऱ्यापुढे नेहमी दोन वाटा असतात. आपल्या माणसांभोवती कुंपण घालावे, सत्ताधाऱ्यांकडून त्यांच्यापुरत्या जागा व सवलती मागून घ्याव्या, आणि बाहेरच्या भांडणात पडू नये, ही एक वाट. ती सुरक्षित दिसते. आमच्या आईबापांपैकी पुष्कळांस तीच शहाणपणाची वाटते, व त्यांच्या काळजीस कारणही आहे. दुसरी वाट अशी की, आपला धर्म, आपली देवळे, आपल्या चालीरीती यांस धक्का न लावता आपल्या माणसांस मोठ्या अंगणात घेऊन यावे, आणि शेजाऱ्याच्या संकटात प्रथम उभे राहावे. बॅप्टिस्टांनी दुसरी वाट धरली. त्यांनी नाव बदलले नाही, उपासना सोडली नाही, आणि आपण या देशाचे आहोत हे कोणास पटवून देण्यासाठी व्याख्याने देत बसले नाहीत. त्यांनी खटले चालविले, संघ बांधले, शहराचा कारभार पाहिला. त्यांच्या कामानेच तो प्रश्न मिटविला.

तेव्हा पुढील वेळी इतिहासाच्या पुस्तकात बॅप्टिस्टा हे नाव आले असता आमच्या विद्यार्थ्यांनी तेथे अडखळू नये. शेजारच्या बाकावरील मुलाने विचारल्यास त्याला सांगावे की, हे माझगावचे काका. नाशिकच्या तरुणांवर कठीण प्रसंग आला तेव्हा त्यांच्यासाठी न्यायासनापुढे उभे राहिलेले वकील, आणि स्वराज्य मागणाऱ्या पहिल्या संघाचे पहिले अध्यक्ष.